भिंतीकडची खुर्ची

घर लहान होतं. अभ्यासाचं टेबल पलंग आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कसंबसं बसवलेलं. मुलगी भिंतीकडच्या खुर्चीवर बसायची, सर बाहेरच्या. सर उठल्याशिवाय तिला उठता येत नसे.

गणिताचे सर म्हणून त्यांचा दबदबा होता. हे दगडालाही पास करतील, असं लोक म्हणत. आणि त्यांचीच सातवीतली मुलगी चौदा मोठे की एक्केचाळीस, इथे अडखळायची. बाकी पोरगी तल्लख. गोष्ट सांगायला लागली की ऐकणाऱ्याचा चहा निवायचा. आकडे दिसले की मात्र ती पेन्सिल चावत बसायची.

"सात आठे?"

"छप्पन्न."

"आणि आठ साते?"

ती बोटांवर मोजू लागली.

"अगं, आत्ताच तर सांगितलंस!"

"ते सात आठे होतं, बाबा."

शाळेत नव्याने आलेल्या विशेष शिक्षिकेनं तिची चाचणी घेतली होती. "सर, हा आळस नाही. तिला आकड्यांचा अंदाजच येत नाही. वेगळ्या पद्धतीनं शिकवावं लागेल. माझ्याकडे पाठवा."

"माझ्या मुलीवर शिक्का नको," सर म्हणाले. दिव्याखाली अंधार, असं शिक्षकांच्या खोलीत कोणी म्हणालेलं त्यांना सोसलं नसतं. त्यांनी घरचा अभ्यास दुप्पट केला.

एका संध्याकाळी अपूर्णांक चालले होते.

"बाबा, मला बाथरूमला जायचंय."

"गणित आलं की पळवाट शोधायची. आधी हे सोडव."

तिनं पुन्हा विचारलं नाही. पेन्सिल घट्ट धरून ती त्याच ओळीवर गिरवत राहिली. थोड्या वेळानं सरांना टेबलाखाली ओल जाणवली. त्यांनी खाली पाहिलं, मग तिच्याकडे. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

आई टॉवेल घेऊन आली. तो तिनं टेबलावरून मुलीकडे दिला. नवऱ्याला म्हणाली, "अहो, उठा. तुम्ही उठल्याशिवाय तिला बाहेर येता येणार आहे का?"

सर उठले. त्या रात्री घरात कोणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच शिक्षिकेकडे गेले. "घ्या तिला," एवढंच त्यांना बोलता आलं.

पहिल्या तासाला ते व्हरांड्यात थांबले. आत लाकडी ठोकळ्यांचा खडखडाट चालला होता. मग मुलगी म्हणाली, "थांबा हं बाई, हे पंधरा इकडे राहायला आलेत, त्यांना जागा करून देते." आणि ती खळखळून हसली. गणित करताना तिला हसलेलं सरांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी कठड्याला हात टेकला.

तास संपला. दार उघडून ती हसतच बाहेर आली आणि समोर वडील दिसताच तिचं हसू मावळलं.

'काय काय केलंत?' हा प्रश्न सरांच्या ओठांवर आला होता. त्यांनी तो गिळला.

"उद्यापासून मी खाली फाटकापाशी थांबू?"

तिनं विचार केला. "थांबा. पण घरी गेल्यावर काही विचारायचं नाही."

"नाही विचारणार."

ती पुढे चालू लागली. सर मागून निघाले. फाटकापर्यंत त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण उदाहरणं सोडून मुलीशी काय बोलायचं असतं, तेच त्यांना सुचेना.