डावीकडची शेगडी

बायकोने स्वयंपाकघर नवं करायचं काढलं, तेव्हाच तपासनीसांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जुन्या ओट्याबद्दल जिने पंचवीस वर्षांत हूं की चूं केलं नाही, तिला आताच नवा ओटा कशाला हवा?

तपासनीस हे काही त्यांचं नाव नव्हे. चिनीमातीच्या भांड्यांच्या कारखान्यात त्यांनी पस्तीस वर्षं तयार माल तपासला होता. बशी उजेडाला धरायची, बोटाने टिचकी मारायची, कानाशी नेऊन आवाज ऐकायचा आणि केसाएवढा तडा दिसला तरी ती बाजूला काढायची. नोकरी संपली, पण खोड काही संपली नाही. मुलगी परगावी असल्यामुळे सगळी तपासणी एकट्या बायकोच्या वाट्याला आली होती. भाजीत मीठ किती, दार नीट लागलं का, फोनवर एवढा वेळ कोण होतं, या सगळ्याचा रोजच्या रोज जाब द्यायचा.

मिस्त्रीने नव्या स्वयंपाकघराचा आराखडा आणून दिला, तेव्हा तपासनीस चष्मा पुसून त्याच्यावर ओणवे झाले. पहिल्या नजरेत सगळं ठीक दिसलं. दुसऱ्या नजरेत ते सरळ बसले. जुन्या ओट्यावर शेगडी उजवीकडे होती, इथे ती डावीकडे गेली होती. भांडी धुवायचं सिंक उजवीकडे आलं होतं. चमच्यांचे खण डाव्या हाताला, कपाटाची दारंसुद्धा उलट्या बाजूने उघडणारी. ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि हातात काही नसताना धुतल्यासारखं, चिरल्यासारखं, ढवळल्यासारखं करून पाहू लागले. प्रत्येक वेळी उजवा हात डाव्याच्या आड येत होता.

हे स्वयंपाकघर डावखुऱ्या माणसासाठी आखलेलं होतं, यात शंकाच नाही. आणि या घरात डावखुरं कुणी नव्हतं.

नात्यात मात्र एक होती. बायकोची धाकटी बहीण.

या मेहुणीशी तपासनीस अकरा वर्षं बोलले नव्हते. मुलीच्या लग्नाच्या जेवणात, चारचौघांत, ती त्यांना म्हणाली होती, "भाऊजी, तुम्ही जेवताय की तपासणी करताय?" सगळी पंगत हसली होती. बायकोसुद्धा हसली होती, हे त्यांनी विशेष लक्षात ठेवलं होतं. त्यानंतर मेहुणी घरी यायची बंद झाली. आता ती एकटी राहत होती, नोकरीतून मोकळी झाली होती, आणि गेले सहा महिने दोघी बहिणींचे फोन वाढले होते. तपासनीस खोलीत आले की बायको "बरं, ठेवते" म्हणून फोन ठेवायची. मागच्या महिन्यात तर मेहुणीकडून एक पुडकं आलं. त्यात कात्री निघाली, तीही डाव्या हाताची.

ज्याचं सामान आधी येतं, तो माणूस मागून येतोच. हिशेब सरळ होता. मेहुणी कायमची राहायला येणार, स्वयंपाकघर तिच्या हातात जाणार, दोघी बहिणी एक होणार आणि आपण आपल्याच घरात, त्या हसत असताना न हसता जेवणारा एक पाहुणा होऊन बसणार. या विचाराने त्यांना राग आला, पण रागाच्या आत भीती होती. बायको आपल्याला कंटाळली आहे, ही ती भीती.

त्यांनी एकदा खडा टाकून पाहिला. "ओटा कुणासाठी करतेयस गं?"

"माझ्यासाठी. इथे आणखी कोण शिजवतं?" बायको म्हणाली. बोलताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

"काय लपवलंय मी?" असं म्हणून तिने चहा पुढे ठेवला. कप अर्धाच भरलेला. हल्ली चहा रोज अर्धाच मिळायचा, आणि मागितला तर पुन्हा अर्धा. येणाऱ्या पाहुणीची सोय आणि घरच्या माणसाची कपात, असा अर्थ तपासनीसांनी लावला आणि ते चहा न संपवताच उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मिस्त्रीचं दुकान गाठलं. मिस्त्री फळीला रंधा मारत होता.

"हा आराखडा उलटा झालाय," तपासनीस म्हणाले. "शेगडी उजवीकडे घ्या, सिंक डावीकडे."

मिस्त्रीने रंधा थांबवला. "ताईंनी दोनदा बजावून सांगितलंय, साहेब. शेगडी डावीकडेच."

"ताईंची गफलत झाली."

"मग त्यांना एकदा विचारून..."

"विचारायचं काय त्यात? घर माझ्या नावावर आहे."

मिस्त्रीने भुवया उडवल्या आणि कानावरची पेन्सिल काढली. "तुमचं घर, तुमची मर्जी. परवा खोटा स्वयंपाक आहेच. काय ते तेव्हा कळेल."

खोटा स्वयंपाक ही या मिस्त्रीची पद्धत होती. दगड कापण्याआधी तो मोकळ्या खोलीत खोकी रचायचा, त्यांच्यावर फळ्या टाकायचा, शेगडी आणि सिंक खडूने काढायचा आणि घरच्या बाईला तिथे उभं करून अख्खा स्वयंपाक करायला लावायचा. विस्तव नाही, भाजी नाही, पण पातेल्यात पाणी मात्र भरलेलं. "कागदावर सगळंच शिजतं, आणि रिकामं भांडं कुठेही हलकंच लागतं," असं तो म्हणायचा. या पद्धतीपायी त्याची दोन गिऱ्हाइकं तुटली होती, पण त्याचा एकही ओटा कुणाला फोडावा लागला नव्हता.

ठरल्या दिवशी जुना ओटा निघालेला होता आणि भिंतीवर त्याची पांढुरकी खूण राहिली होती. बायको आत आली, फळ्यांकडे पाहत उंबऱ्यापाशी थांबली. शेगडीचा खडूचा चौकोन उजवीकडे होता, भिंतीला लागून.

"हे असं नव्हतं सांगितलं मी," ती म्हणाली.

मिस्त्रीने तपासनीसांकडे पाहिलं. तपासनीस भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. आता हिचं बिंग फुटणार, आता हिला सांगावंच लागेल की हे कुणासाठी चाललंय, या विचाराने त्यांना बरं वाटत होतं.

"मीच बदललं," ते म्हणाले. "काही अडचण आहे का? तुला तर उजवीकडेच सवय आहे."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग फळीपाशी जाऊन उभी राहिली.

"हं, ताई," मिस्त्री म्हणाला, "सिंकातलं पातेलं शेगडीवर."

तिने पातेल्याचा एक कान डाव्या हाताने धरला आणि सगळं अंग फिरवून ते उजवीकडे न्यायला लागली.

"अशा फिरू नका, कंबर धरेल रोज. सरळ उभ्या राहा, दोन्ही हातांनी उचला."

नाटक करतेय, तपासनीसांना वाटलं. त्यांनी डोळे बारीक केले. बायकोने उजवा हात पातेल्याच्या दुसऱ्या कानाला लावला आणि उचललं. पातेलं वीतभर वर गेलं. मग तो हात थरथरायला लागला, मनगटापासून कोपरापर्यंत, तिने ओठ घट्ट मिटले तरी थांबेना. बोटं आपोआप उघडली. पातेलं फळीच्या कडेवर आपटून खाली गेलं, पाणी खडूच्या रेघांवरून वाहत तपासनीसांच्या चपलांपर्यंत आलं.

मिस्त्री फडकं शोधायच्या निमित्ताने बाहेर गेला.

बायको उजवा हात पोटाशी धरून उभी होती. तपासनीस पहिल्यांदा त्या हाताकडे नीट पाहत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं त्यांचं झालं होतं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं. आधी भरलेला कप नेता येईना. मग कात्री. डॉक्टर म्हणाले, या हातातलं बळ आता परत येणार नाही, दुसऱ्या हाताला शिकवा. धाकटी शिकवतेय फोनवर. कसं धरायचं, कसं चिरायचं." ती थांबली. "तिनेच सांगितलं, ओटा आधी फिरवून घे."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" ती हसली नाही. "तुम्ही रोज माझा हात तपासला असता. चमचा उचलला की बघितलं असतं, कालच्यापेक्षा जास्त हलतोय का म्हणून. तडा गेलेलं भांडं तुम्ही बाजूला काढता, हे मी पस्तीस वर्षं ऐकत आलेय. मला अजून स्वयंपाक करायचाय हो. आयुष्यभर ओट्यापाशी उभी राहिले, आता तिथून कुणी मला बाजूला बसवलेलं नकोय."

तपासनीसांना लाज वाटली. इतकी की काही बोलण्याऐवजी ते खाली बसले आणि खिशातल्या रुमालानेच पाणी टिपायला लागले. रुमाल कितीसा पुरणार? मिस्त्री फडकं घेऊन आला तेव्हा त्यांनी ते त्याच्या हातातून घेतलं. "शेगडी डावीकडे घ्या," ते म्हणाले. "ताई सांगतील तशी. मला विचारू नका."

मग ते उठले. बायकोचा फोन खिडकीत होता. तपासनीसांनी तो उचलला आणि सगळ्यात वरचा नंबर लावला. मेहुणीचाच होता.

"बोल, ताई."

"मी बोलतोय."

पलीकडून एकदम घाबरलेला आवाज आला, "भाऊजी? ताईला काय झालं?"

"काही नाही. मला कळलंय हाताचं. तू इकडे ये. तिला समोर उभी राहून शिकव." "हवे तेवढे दिवस राहा."

अकरा वर्षांनी आलेली ही मऊ भाषा मेहुणी पलीकडे उलटीसुलटी करून बघत असावी.

"ताईकडे द्या फोन," ती म्हणाली. "आधी मला तिचा आवाज ऐकू दे."

तपासनीसांनी फोन पुढे केला. बायकोने तो डाव्या हाताने घेतला.

"हो गं, मीच. नाही, मी लावायला नाही सांगितला, त्यांनीच लावला." ती ऐकत राहिली, नवऱ्याकडे बघत. "नाही, रागाने नाही बोलले. खरंच म्हणाले तसं, मी इथेच होते." पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं गेलं. बायकोने नवऱ्याच्या हातातल्या ओल्या फडक्याकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"काय माहीत गं," ती म्हणाली. "मलाही अजून खात्री नाही. तू ये, मग दोघी मिळून बघू."

तपासनीस ओल्या फरशीवर उभे राहून ते सगळं ऐकत होते.