फुलं हवेत लोंबत नाहीत

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी रागावलेला आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा. मी मांडव आहे. लोखंडी, जुना, आणि सध्या भंगाराच्या आवारात एका मोडक्या कपाटावर आडवा पडलेला. उद्या-परवा माझे तुकडे होतील. होऊ देत, त्याचं मला दुःख नाही. पण त्याआधी मला साक्ष द्यायची आहे. एका बाईला साऱ्या गावाने कृतघ्न ठरवलं, आणि तिचं खरं होतं हे आतून ठाऊक असलेला मी एकटाच आहे.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. ज्यांच्या अंगणात मी उभा राहिलो ते चित्रकार होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांना अंगणात विस्टेरियाची वेल लावायची होती आणि तिच्यासाठी बांबूचा मांडव हवा होता. चित्रात बांबू शोभून दिसतो म्हणे. वेल्डरने रोप पाहिलं आणि मान हलवली. "साहेब, ही वेल म्हणजे गोगलगाय अन् पोटात पाय. बांबूला पिळून त्याचा भुगा करील."

मास्तर तोंड फिरवून उभे राहिले. तेव्हा त्यांच्या बायकोने, जिला सगळे वहिनी म्हणत, निकाल दिला. "लोखंडाचाच करा हो. यांना काय, चित्रात बांबूचा काढतील."

अशा तऱ्हेने मी सहा पायांवर उभा राहिलो. पाय काँक्रीटमध्ये रोवलेले, वर आडवे अँगल, त्यावर जाळी. वहिनींनी स्वतः मला आधी गंज रोखणारा तांबडा रेड ऑक्साइड लावला, मग हिरवा तेलरंग. रंग गुळगुळीत बसला की नाही हे त्यांनी गाल टेकवून पाहिलं होतं. तेवढं एक कौतुक माझ्या वाट्याला आलं. ते मी अजून विसरलेलो नाही.

तुमच्यातल्या ज्यांनी विस्टेरिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. थंडी सरली की पानं फुटायच्या आधीच या वेलीला घोस येतात. हातभर लांब, खाली लोंबणारे, निळसर जांभळे. रस्त्यावरची मुलं त्यांना 'निळी द्राक्षं' म्हणायची. मधमाश्या अशा गुणगुणायच्या की माझी जाळी थरथरायची. वेलीवर माझा राग नाही, हे लक्षात ठेवा. चढायचं, पिळायचं, फुलायचं, हा तिचा धर्म. तो तिने पाळला. माझा राग आहे तिच्यावर बोलणाऱ्यांवर.

मास्तरांनी ती वेल रंगवली. एकदा नव्हे, दर वर्षी. चित्रं नावाजली गेली, मोठ्या शहरांत टांगली गेली. एके दिवशी एक चित्र वाळायला माझ्याच खाली ठेवलं होतं, तेव्हा मी पहिल्यांदा नीट पाहिलं. घोस होते, पाकळ्या होत्या, पाकळ्यांवरचं ऊन होतं. मी कुठेच नव्हतो! एक खांब नाही, एक अँगल नाही. घोस सरळ आभाळातून लोंबत होते. आणि पुढे कुणा विद्वानाने काय लिहावं? 'या चित्रकाराच्या प्रेमवेलीला आधाराची गरजच नाही.' वहिनींनी ते मोठ्याने वाचलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "ऐकलंस का रे? तू नाहीसच." त्या हसल्या म्हणून मी तेव्हा सोडून दिलं.

चित्रांत एक मुलगी मात्र असायची. फुलांची फांदी हातात धरून उभी, मान जराशी झुकलेली, कुणाची तरी वाट पाहणारी. ती मास्तरांची थोरली मुलगी. तिला घरात सगळे ताई म्हणत. शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आत हाक यायची, "ताई, ये. हात वर. अजून वर. आता हलायचं नाही." ती माझ्या खांबाला पाठ लावून उभी राहायची. हात अवघडला की ओठ न हलवता पाढे म्हणायची. तिच्या पाठीचा घाम माझ्या रंगाला लागायचा. चित्रांना नावं मिळायची: 'प्रतीक्षा', 'निष्ठा', 'माया'. चित्र बघून लोकांचे डोळे भरून यायचे. त्या मुलीला तहान लागली असेल असं त्यातल्या कुणाच्या मनात आलं नाही.

पाहुणे आले की मास्तर माझ्या सावलीत बसून या वेलीचे अर्थ सांगायचे. त्यांचं वाचन दांडगं होतं, ते नाकारत नाही. एका देशात थोर घराण्याने ही फुलं आपल्या चिन्हावर घेतली. कुठे ती दीर्घायुष्याची खूण, कारण ही वेल माणसांच्या कित्येक पिढ्या बघते. कुठल्याशा नाचात खांद्यावर हीच फांदी घेतलेली तरुणी न आलेल्या प्रियकराची वाट पाहते. घोस खाली झुकतात म्हणून ती नम्रता. वेल धरलेलं सोडत नाही म्हणून ती निष्ठा. पाहुणे माना डोलवायचे. चहाचा ट्रे ताई आणायची.

एकदा दूरच्या मुलखातून एक वयस्क पाहुणी आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "आमच्याकडची जुनी माणसं या फुलांचा वेगळा अर्थ लावायची. घट्ट धरणारं प्रेम. इतकं घट्ट, की ज्याला धरलं त्याचाच जीव जातो. ही फुलं कुणी दिली तर ती ताकीद समजायची."

मास्तर हसले. "तुमच्याकडची माणसं फार कोरडी बुवा!"

पाहुणी हसली नाही. ती ट्रे धरून उभ्या असलेल्या ताईकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत माझ्याखाली बसून गेलेल्यांपैकी मला आवडलेली ती एकच.

मग वहिनी गेल्या. थोड्या दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. पानगळ झाली की तारेच्या ब्रशने माझा गंज खरवडायचा आणि रंगाचा हात द्यायचा, हे त्यांचं दर वर्षीचं काम. त्या वर्षी ते कोण करणार असं मला वाटलं. ताई आली. पदर खोचून, आईचाच ब्रश घेऊन. मला फार बरं वाटलं.

ताईचा हात बारीक रेषेत तयार होता. तिला दुसऱ्या शहरात, नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी लागली. ती बातमी तिने माझ्याखालीच वडिलांना सांगितली. आनंदाने नोकरीचा कागद तिने दोन्ही हातांनी पुढे धरला होता. मास्तरांनी ब्रश खाली ठेवला, वर घोसांकडे बोट केलं आणि म्हणाले, "ताई, वेल कधी मांडव सोडून जाते का गं?"

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या प्रत्येक सांध्यात आग पेटली. अरे, मांडव मी! माझ्या नावाने दाखला देता, मग मला विचारलंत का? मी सांगितलं असतं, जा पोरी, जा. मला धरून कुणी बसावं असं मी कधी म्हटलं होतं? पण लोखंडाला तोंड नसतं. ताईने कागदाची घडी केली आणि पोळ्या करायला आत गेली. तिचा धाकटा भाऊ मात्र पुढल्याच वर्षी शिकायला बाहेर गेला आणि तिकडेच राहिला. त्याला कुणी वेलीची उपमा दिली नाही.

वर्षं गेली. हात वर धरून धरून ताईचा उजवा खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, हात आता खांद्याच्या वर जाणार नाही. मास्तर हळहळले. "अरेरे, मग डावा हात वर करत जा." चित्रात तिचा चेहरा मात्र तरुणच राहिला. तो ते आठवणीने काढायचे.

तारेचा ब्रश चालवणं तिला जमेना. ती म्हणाली, "बाबा, वेल्डरला बोलवू या. मांडवाचे पाय गंजलेत. आणि वेल छाटायला हवी, तिचं ओझं फार झालंय."

"माझ्या वेलीला कात्री लावायची नाही," मास्तर म्हणाले. "आणि गंज राहू दे. त्या तांबूस छटेने जांभळा कसा उठून दिसतो, बघ तरी!"

माझा पाय कुजत होता आणि त्यांना छटा दिसत होती! काँक्रीटमध्ये जिथे पाय शिरतो तिथे पाणी साचायचं. तिथून मी आतून पोखरत गेलो. सहापैकी दोन पाय केवळ जुन्या रंगाच्या सालीवर उभे होते. वर वेल दर वर्षी जाडजूड होत होती.

मग मास्तरांची पंचाहत्तरी आली. धाकटा खास रजा काढून आला. फुलांचा भर होता. त्याने ठरवलं, समारंभ वेलीखालीच. खुर्च्या मांडायच्या, जाळीवरून दिव्यांच्या माळा सोडायच्या, मोठा फलक टांगायचा. ताईने त्याला हाताला धरून माझ्या पायाशी नेलं. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला.

"हे बघ. आरपार जातोय. याच्याखाली माणसं बसवणार आहेस?"

"ताई, अगं एवढी वर्षं उभा आहे तो. नेमका त्याच संध्याकाळी पडणार आहे का? तू पण ना, कायम रडगाणं."

ती वडिलांकडे गेली. ते म्हणाले, "तुला माझा मान बघवत नाही, एवढंच म्हण ना."

समारंभाच्या दिवशी पहाटे ताई अंगणात आली. हातात करवत होती. वेलीचं खोड बुंध्याशी मांडीएवढं जाड झालं होतं. ती जमिनीवर बसली आणि डाव्या हाताने कापू लागली. अर्धंअधिक झालं तेव्हा मास्तर अनवाणी धावत आले.

"अगं, काय करतेस! माझी वेल आहे ती!"

"माहीत आहे बाबा."

"इतक्या वर्षांची माझी निष्ठा कापतेयस तू!"

ताईने करवत थांबवली नाही. "निष्ठा तुमची कुठे होती, बाबा? उभी तर मी होते."

दुपारपर्यंत सगळे घोस चिंधीसारखे झाले. धाकट्याने कपाळावर हात मारला आणि खुर्च्या उचलून आतल्या दालनात नेल्या. बघा कसा न्याय आहे! गंजाला कुणी भ्यालं नाही. कोमेजलेल्या फुलांना सगळे भ्याले. माणसं कोसळलेल्या लोखंडाखाली सापडतील याची चिंता नव्हती, फोटो वाईट येतील याची होती.

संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला. मरगळलेल्या पाकळ्या गळून गेल्या होत्या, माळा नव्हत्या, फलक नव्हता, वारा माझ्यातून आरपार गेला. तरी माझे ते दोन पाय करकरले. भरल्या घोसांनिशी आणि त्या सगळ्या लटांबरासकट मी उभा राहिलो नसतो. शपथेवर सांगतो, राहिलो नसतो. आतल्या दालनात त्याच वेळी भाषण चाललं होतं, आणि बोलणारा म्हणत होता, "पोटच्या पोरीने बापाचं काळीज कापलं." टाळ्या नव्हे, पण सुस्कारे भरपूर पडले. ज्यांनी ते टाकले, ते सगळे धडधाकट घरी गेले.

गावाने ताईला 'वेलतोडी' नाव ठेवलं. ती घर सोडून एका खोलीत राहायला गेली. एका लहानशा दुकानात बांधकामांचे आराखडे काढायचं काम तिला मिळालं.

धाकट्याने मला भंगारात काढलं. कामगाराने एका पायाला नुसता हिसका दिला आणि तो ओरडला, "साहेब, हा तर हातातच आला!" धाकटा फोनवर बोलत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. नेमकी तेव्हा ताई आपली कंपासपेटी न्यायला आली होती. तिने माझा तो कुजका तुकडा उचलला, आत नेला आणि मास्तरांच्या टेबलावर ठेवला.

मास्तरांनी तो हातात घेतला. बोटाने चाचपला. गंजाची पूड त्यांच्या धोतरावर सांडली. मला वाटलं, आता तरी कळेल. मला खरंच वाटलं, मित्रांनो.

"काय सुंदर छटा आहे गं," ते म्हणाले. मग खिडकीतून बाहेर बघत, "बुंध्याला धुमारे फुटलेत. पुन्हा फुलेल ती. पण ताई, आता फांदी धरून उभं कोण राहणार?"

ताई दारात थांबली.

"भिंतीत खिळा ठोका, बाबा."

आणि ती गेली. चालताना तिचा उजवा हात अंगाला चिकटलेला होता, डाव्या हातात पेटी होती, आणि पावलं भराभर पडत होती.

मित्रांनो, फुलं बघू नका असं मी म्हणत नाही. बघा, त्यांची चित्रं काढा, त्यांना हवे ते अर्थ द्या. पण कुणी तुम्हाला म्हणालं की ही फुलं म्हणजे माया, ही फुलं म्हणजे निष्ठा, तर लगेच मान डोलवू नका. विचारा, ती तोलून कुणी धरली आहेत? मग वर नका बघू, खाली वाका आणि त्याच्या पायांकडे बघा. तुमच्या घरातही असं कुणीतरी उभं असेल. त्याला उपमा नको आहे, पाणी हवं आहे, बसायला जागा हवी आहे, आणि जायचं असेल तर वाट हवी आहे. ते त्याला आज द्या. मागाहून माझ्यासारख्याचं आत्मवृत्त वाचून डोळे पुसण्यात काही अर्थ नाही.