पिचर ऑर्विलचा हातमोजा

मी एक जुना, आखूड बोटांचा चामडी हातमोजा आहे. मित्रांनो, माझं वय शंभराच्या वर गेलं. सध्या मी आखातातल्या दोह्यात, बिन महमूद वस्तीत, वसईच्या फिलोमिना तुस्कानो यांच्या घरी राहतो.

माझा जन्म अमेरिकेतला. बेसबॉलच्या खेळात चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. ऑर्विल पिचर होता, सूतगिरणी सोडून आलेला. तो उजव्या हाताने चेंडू टाकी आणि डाव्या हातात मला घाली. सात वर्षं आम्ही आगगाडीने गावोगाव हिंडलो. लोक त्याच्या उजव्या हाताची तारीफ करत. तो मात्र रोज मला तेल चोळायचा.

आठव्या वर्षी त्याचा खांदा दुखू लागला. त्याने कुणालाच सांगितलं नाही. संघातली जागा जाईल, ही धास्ती. दुखणं दाबून तो वर्षभर खेळला. शेवटी एका सामन्यात हात वर उचलेना. तेव्हा तो स्वतःच कप्तानाकडे गेला.

"माझा हात संपला. दुसऱ्याला पाठवा," एवढंच म्हणाला.

मग मला छातीशी धरून बाकावर बसून राहिला. तो पुन्हा खेळला नाही. गावी परतून त्याने सुतारकी केली, आणि मी पेटीत पडून राहिलो.

त्याची पणती मार्था इथे दोह्यात शिक्षिका होती; येताना तिने मला सोबत आणलं. पडून तिचा खांदा निखळला, तेव्हा फिजिओथेरपिस्ट असलेल्या फिलोमिनाबाईंनी चार महिने व्यायाम करवून तो बरा केला. दोहा सोडताना तिने मला त्यांच्या हाती ठेवलं.

"माझ्या पणजोबांना तुम्ही भेटायला हव्या होतात," ती म्हणाली.

बाईंनी मला कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवलं. तिथे माझं चामडं तडकलं, शिवण उसवली. नजमा भागात चामड्याचं काम करणाऱ्या हाफिजचाचांनी मला मेणाच्या दोऱ्याने शिवलं आणि बजावलं, की चामडं वापरात राहिलं तरच मऊ राहतं.

म्हणून आता दर शुक्रवारी सकाळी बाईंची लेक प्रिन्सी मला घालून बेसबॉल खेळायला मैदानात उतरते. परवा खेळ भरात असतानाच ती थांबली आणि आईजवळ आली.

"ममा, माय शोल्डर इज हर्टिंग."

"बरं झालं सांगितलंस. खलास, आज आता बस," म्हणत बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना जपाच. पण दुखलं तर आधी जवळच्या माणसाला सांगा. माझ्या ऑर्विलला तेवढं जमलं नाही.