गुडघ्यापर्यंत पाणी

आमच्या वाडीत साधं बोलणं कुणाला येतच नाही. भूक लागली की "मेलो", थंडी वाजली की "मेलो", फुटबॉलची मॅच हरली की "मेलो रे, मला पुरा आता". मीही त्यातलीच. माझा नवरा होता तेव्हा म्हणायचा, ही उबेर्लिंदा दिवसातून इतक्यांदा मरते, की खरी मेली तर मयताला कुत्रं येणार नाही. म्हणू दे. देवाने तोंड दिलंय ते काय नुसतं पाव चावायला?

पण एक बोल असा होता, जो उगाच कुणी काढत नसे. सान पेद्रोची शपथ. सान पेद्रो म्हणजे आमचा, समुद्रावर पोट असणाऱ्यांचा संत. माझ्या सासऱ्यांच्या काळी समुद्रावरून कुणी ती शपथ घातली, की किनाऱ्यावरच्या झाडून सगळ्या बोटी निघायच्या. मग घरात ताप असो की लग्न. पुढे कुणीतरी मासा केवढा होता ते सांगताना ती घातली. दुसऱ्याने पत्ते पिसताना. लोकांना पटेनासं झालं, तेव्हा "दोनदा सान पेद्रो" निघालं, मग "सान पेद्रोची आणि मेलेल्या आईची". आता आमची कार्टी आंघोळ केली हेसुद्धा सान पेद्रोच्या शपथेवर सांगतात, आणि मान बघावी तर काळीकुट्ट.

त्या दिवशी सकाळी समुद्र अगदी गप्प होता. दुपारी उत्तरेचा वारा सुटला. उत्तरेचा वारा सुटला की आमच्याकडे कुणी समुद्रावर थांबत नाही, सगळ्या बोटी भराभर परत आल्या. माझा पोरगा एरास्मो तेवढा आला नाही. जाळी टाकलेली, ती सोडून यायला त्याचा जीव होईना. जोडीदार दाढ सुजून घरी पडलेला, म्हणजे बोटीत हा एकटाच. मी चुलीवर राजमा चढवला होता आणि रेडिओ चालू ठेवला होता. आमच्याकडे घरोघरी स्वयंपाकघरातच बोटींशी बोलायचा रेडिओ असतो, एका हाताने पातेलं ढवळायचं आणि दुसऱ्या हाताने समुद्रावरच्या माणसाला शिव्या घालायच्या.

रेडिओ खरखरला. "आई, मरतोय गं मी!"

"मर मेल्या," मी म्हटलं. "पण आधी जेवून जा. राजमा उरला तर मी काय करू?"

आमचं बोलणं सगळी वाडी ऐकत असते. जाळ्यांच्या शेडमधला रेडिओही चालू होता, तिथे पुरुषमंडळी चहा पीत बसली होती. तिथून क्लोदोमीरोचा आवाज आला. हा एरास्मोचा लंगोटीयार, जिभेला हाड नाही.

"ए एरास्मो, मरताना बोट माझ्या नावावर कर रे!"

"क्लोदो, सान पेद्रोची शपथ, चेष्टा नाही करत!"

"एकच सान पेद्रो? कंजूष कुठला! निदान तीन तरी घाल!"

शेडमध्ये हशा पिकला, तो रेडिओवरून माझ्या चुलीपर्यंत आला. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. मग रेडिओ गप्प झाला. नुसता वारा ऐकू येत होता.

मग एरास्मो पुन्हा बोलला. हळू बोलला, शेडमधल्या गोंगाटात कुणाला ऐकूही गेलं नसेल. लहानपणी काही फोडलं की तो असा बोलायचा.

"आई. बोटीत गुडघ्यापर्यंत पाणी आहे. मशीन बंद पडलंय. मी पोकळ खडकाच्या समोर आहे."

बस. ना मेलो, ना शपथ. माझ्या हातातला डाव खाली पडला. माझं पोर जन्मात कधी इतकं साधं बोललं नव्हतं.

रेडिओचा चॅनेल बदलून नौदलाच्या कचेरीला हाक दिली. त्यांची बोट पलीकडच्या बंदरात, टोकाला वळसा घालून येईपर्यंत अंधार पडला असता. त्या वाऱ्यात खडकापर्यंत जाईल अशी एकच बोट वाडीत होती, बाल्दोविनोकाकांची. मी चूल तशीच टाकली आणि धावले. चप्पल वाटेत कुठे गेली कुणास ठाऊक.

शेडमध्ये शिरले तीच ओरडत. "अरे माझा पोरगा मरतोय! सान पेद्रोची शपथ, माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ, उठा रे!"

कुणी उठलं नाही. उठतील कसे? परवा गॅस संपला तेव्हा मी हेच ओरडत आले होते, याच दारात, हीच शपथ घालत.

"लिंदामावशी, बसा," क्लोदोमीरो म्हणाला. "चहा घ्या. पोरगं आत्ता येईल राजमा हाणायला."

"अरे मुडद्या, बुडतोय तो!"

"आम्ही पण बुडतोय मावशी, डिझेलचा भाव बघितला का?"

पुन्हा हसले. मला वाटलं, याच्या नरड्यात हात घालावा. मी काय काय बोलले असेन, देवाला माहीत. आई काढली, बाप काढला, छाती बडवून घेतली. मी जितकी ओरडत होते तितके ते खुशीत येत होते. एकजण तर माझी नक्कल करायला लागला. तिकडे पाणी चढत होतं आणि इकडे माझ्या तोंडात एकही शब्द असा उरला नव्हता, जो मी आधीच वापरून टाकलेला नाही.

मी बाल्दोविनोकाकांसमोर जाऊन उभी राहिले. ते म्हातारे, जाळं शिवत होते. मी त्यांना काका कमी आणि थेरडा जास्त म्हणत आलेय. त्यांच्याशी मी हळू बोलले. एरास्मो बोलला होता तसंच.

"काका, त्याच्या बोटीत गुडघ्यापर्यंत पाणी आहे. मशीन बंद आहे. पोकळ खडकासमोर आहे, एकटाच आहे. तुम्ही याल का?"

काकांची सुई थांबली. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग अनवाणी पायांकडे. शेडमध्ये कुणी हसेना.

"उठा," काका म्हणाले.

क्लोदोमीरोने हातातला कप तसाच खाली आपटला. सगळ्यात आधी तोच धावला.

मी किनाऱ्यावर उभी राहिले. बोट लाटेवर चढायची, दिसायची, पुन्हा दिसेनाशी व्हायची. मग दिसेनाशीच झाली. बायका येऊन माझ्या बाजूला उभ्या राहिल्या. मी प्रार्थना करायला गेले आणि सान पेद्रोचं नाव घ्यायची मला लाज वाटली. कुठल्या तोंडाने घेऊ? अख्खी वाडी त्याला मिठासारखा वापरत आली होती.

अंधारायच्या आत बोट परत आली. एरास्मो तळाशी ताडपत्रीत गुंडाळलेला होता, ओठ निळे, दात वाजत होते. त्याची बोट बुडाली होती. डिझेलचा रिकामा डबा छातीशी धरून पाण्यात तरंगत होता म्हणे, आणि तो डबा काही केल्या सोडत नव्हता. क्लोदोमीरो त्याचे पाय चोळत होता आणि लहान पोरासारखा रडत होता.

त्या रात्री काकांनी सगळ्यांना दम भरला. "इथून पुढे संकटात असेल त्याने नीट बोलायचं. गुडघ्यापर्यंत पाणी, असं कुणी म्हटलं की निघायचं. चेष्टेत म्हणेल त्याचं थोबाड फोडीन."

काही महिने तो बोल पाळला गेला. कुणी तो पुटपुटला तरी आम्ही त्याला गप्प करायचो. मग क्लोदोमीरोची सासू राहायला आली.

"गुडघ्यापर्यंत पाणी आलंय रे," तो शेडमध्ये म्हणाला, आणि काका स्वतःच फिसकन हसले. पुढच्या आठवड्यात विजेचं बिल आलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, गुडघ्यापर्यंत कसलं, कमरेपर्यंत आलंय. आता गळ्यापर्यंत गेलंय. शाळेची फी आली की गळ्यापर्यंत, दारू संपली की नाकापर्यंत.

आणि गेल्या रविवारी, ऊन पडलेलं, वाऱ्याचं नाव नाही, मी कांदा चिरत होते. कर्जाने घेतलेल्या नव्या बोटीतून एरास्मो रेडिओवर हळूच म्हणाला, "आई, गुडघ्यापर्यंत पाणी."

मी धावले. एकटीनेच काकांची बोट पाण्याकडे ढकलत होते, खांदा सोलून निघाला. तेवढ्यात हा टोकावरून आला, मशीन व्यवस्थित चालू, हात हलवत.

"अगं, भूक लागली म्हणत होतो!"

सगळ्यांदेखत मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. एवढा बाप्या, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आई, आता सगळेच म्हणतात की तसं. बोलायची पद्धत आहे ती."

असेल. म्हणोत बापडे. पण रेडिओवर ते शब्द आले की मी हातातलं टाकून किनाऱ्यावर जाते. सासूसाठी म्हटलेले असोत, बिलासाठी असोत, मी जाते आणि बोटी मोजते. वाडी हसते माझ्यावर. एरास्मोही हसतो.