डल्सीचा भुंगा

डल्सी पॅस्कोला आपल्या नावाचं एक फूल हवं होतं. पाच पोरं वाढवताना, धाकटं पाठीशी बांधून, तिने ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठची झुडपं नि किडे गोळा करून संग्रहालयाला धाडले होते. नव्या जातीला स्वतःचं नाव स्वतःच द्यायची या अभ्यासक मंडळींत रीत नाही. तो मान दुसऱ्याने द्यायचा असतो. शेजारच्या ईनिडच्या नावाचं ऑर्किड होऊन गेलं होतं, आणि ईनिड ते कुणाला विसरू देत नसे.

म्हणून संग्रहालयातली टॅम्सिन डबी घेऊन आली, तेव्हा डल्सीने ठेवणीतला टेबलक्लॉथ काढला. ईनिड नेमकी चहाला टपकलेली होतीच.

"तुम्हीच पाठवलेला नमुना," टॅम्सिन म्हणाली. "अगदी नवी जात. तुमचं नाव देतोय."

आत मसुराच्या दाण्याएवढा काळा भुंगा होता.

"राहतो कुठे?"

"वॉम्बॅटच्या लेंड्यांत."

"शोभतंय हो," ईनिड कपाआडून म्हणाली.

"पाच जणांचे लंगोट धुतले मी," डल्सी म्हणाली. "आता मेल्यावरही तेच का?"

तिचा नवरा क्लेम खिडकीकडे तोंड करून उभा होता. खांदे मात्र गदगदत होते.

"नको असेल तर आत्ताच सांगा," टॅम्सिन म्हणाली. "उद्या छापायला जातंय. एकदा छापलं की मलाही बदलता येत नाही."

"एखादं फूल नाही का गं उरलेलं?"

"माझ्याकडे भुंगेच असतात, डल्सीबाई. बघा तरी."

डल्सीने नाइलाजाने भिंगाला डोळा लावला.

"ही मादी. लेंडी ओढत बिळात नेते, त्यात अंडं घालते, आणि पिल्लू बाहेर येईपर्यंत जवळून हलत नाही. खातसुद्धा नाही."

डल्सीने बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही. धाकट्याला गोवर आला होता, तेव्हा तीही अशीच उशाशी बसून राहिली होती. ताटातलं जेवण तसंच वाळून गेलं होतं.

"आणि नर?" तिने हळूच विचारलं.

"तो बिळाच्या तोंडाशी उभा असतो."

"काय करतो?"

"ते अजून कळलेलं नाही."

तिघींनी क्लेमकडे पाहिलं.

"लिही माझं नाव," डल्सी म्हणाली.

"नराला वेगळं नाव असेल ना?" क्लेमने विचारलं.

"जात एक, नाव एक," टॅम्सिन म्हणाली. "तोही डल्सीच."

क्लेमने मुकाट्याने कपबशा उचलल्या आणि धुवायला नेल्या.