संध्याकाळच्या वर्गाची सायकल

मित्रांनो, त्या बुधवारी विशेष असे काही घडले नाही. देवराव मिलमधून आले. केसांत आणि भुवयांवर अडकलेली कापसाची पिंज त्यांनी झटकली, उभ्याउभ्याच चहा प्यायले आणि माझा मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला.

"हवा कमी हाय का बाबा?" प्रेमलताने विचारले. ती त्यांची मुलगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात होती.

"हवा बरोबर हाय. तूच पुस्तकं जास्त घेऊन राहिली."

आतून तुळसाबाई म्हणाल्या, "लवकर या दोघं बी. भाकर गार झाली त मले बोलाचं नाही."

देवरावांनी मला रस्त्यावर आणले. प्रेमलता मागे कॅरिअरवर बसली, वही उघडली आणि आम्ही आमच्या इंदोरा वस्तीतून तिच्या संध्याकाळच्या वर्गाला निघालो. जाताना चढ लागला, येताना उतार लागला. भाकर गार झाली होती आणि तुळसाबाई बोलल्याच. त्या बुधवारचे एवढेच. तो मला इतका लख्ख आठवतो, कारण तसा बुधवार पुन्हा आला नाही.

मी एक जुनी, काळी, दांड्याची सायकल आहे. कारखान्यातले मला फारसे आठवत नाही. नळ्या जोडणाऱ्या भट्टीची धग आणि काळ्या रंगाचा वास, एवढेच. माझी खरी आठवण सीताबर्डीच्या दुकानापासून सुरू होते. देवराव मिलच्या लूम खात्यात नुकतेच कायम झाले होते. त्यांनी माझी घंटी वाजवून पाहिली, मग आणखी एकदा, आणि दुकानदार हसला. वर्षभराने, छप्पन सालच्या दसऱ्याला, नवी पांढरी साडी नेसलेल्या तुळसाबाईंना घेऊन ते दीक्षेच्या मैदानाकडे निघाले. पण रस्त्यावर माणसेच माणसे होती. मला चालवायला जागाच नव्हती. मग ते दोघे पायी चालले आणि मला मध्ये धरून नेले. माझ्यावर कोणी बसले नव्हते, तरी त्या दिवसाइतकी मी कधीच मिरवले नाही.

दोन वर्षांनी प्रेमलता जन्मली. थोडी मोठी झाल्यावर ती माझ्यावरच सायकल शिकली. सीटवर बसून पाय पुरत नसत, म्हणून दांड्याखालून पाय घालून, कैची मारत चालवायची. विहिरीवरच्या बाया म्हणत, "पोरगी अन् दांड्याची सायकल! पाहा वं बाई."

"दांडा काय तिले खाते?" देवराव म्हणत आणि माझ्यामागे पळत राहत. तेव्हा ते पळू शकत होते. सीट सोडून दिल्यावरही पळत राहत, म्हणजे ती मागे वळली तर दिसावेत.

मोठी झाल्यावर ती माझ्यावर बसेनाशी झाली. कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला होते. ती सिटी बसने जाई. मी देवरावांना मिलमध्ये नेई आणि आणी. मला दर रविवारी तेल मिळे. जयंतीला चाकांत निळे कागद विणले जात. माझे दिवस बरे चालले होते.

मग एकोणऐंशी साली तिच्या कॉलेजने एक नवी सोय काढली. शेवटच्या वर्षात ज्यांचे गुण चांगले आहेत, त्यांना बी.ई. करता करताच एम.ई.चे दोन विषय घेता येणार होते. पास झाले की ते दोन विषय जमा. पुढे चार वर्षांत एम.ई.ला नाव घातले, तर ते पुन्हा द्यायला नकोत. तिच्या वर्गातून दोघांची नावे आली, त्यात एक प्रेमलताचे.

"म्हंजे एका तिकिटात दोन सिनेमे!" देवराव म्हणाले.

"तसंच समजा. पण बाबा, तो वर्ग संध्याकाळी असते. नोकरीवाल्या इंजिनिअर लोकांसाठी. सुटल्यावर बस भेटत नाही. जाऊ द्या."

"काहून जाऊ द्या? हे उभी हाय नं," असे म्हणून त्यांनी माझ्या सीटवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी ही बातमी चौकात पोचली. ती त्यांनीच पोचवली. आमच्या चौकात नत्थूचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. पंक्चर काढता काढता नत्थू म्हणाला, "बी.ई. व्हाच्या आधीच एम.ई.? लगनाच्या आधी बारसं करून राहिले का गा देवराव?"

"तू बारशाले ये म्हंजे झालं. घुगऱ्या भेटतीन."

दुकानासमोरचे सगळे हसले. देवराव सगळ्यांत जास्त हसले.

मित्रांनो, आमच्या शहरात एक रीत आहे. सायकलवर दोघे असले की चढाच्या पायथ्याशी मागच्याने उतरायचे, चालत वर जायचे आणि पुन्हा बसायचे. कोणाला सांगावे लागत नाही. सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर एक लांबलचक चढ आहे. पहिले काही दिवस प्रेमलता तिथे उतरली. मग एक दिवस देवरावांनी मागे हात करून तिला थांबवले.

"उतरू नको वं. वाचता वाचता तुही लिंक तुटते."

"तुमाले जड होईन."

"तू काय जड हाय? तुह्यापेक्षा तं मिलचा डबा जड."

तेव्हापासून ती उतरली नाही. चढावर ती मोठ्याने वाचू लागली आणि ते मधूनमधून प्रश्न विचारू लागले. पुलांचे, कमानींचे, वजन कुठून कुठे जाते त्याचे. एकदा त्यांनी विचारले, "ह्या सायकलच्या तारा पाहा. एवढ्याशा तारा आपल्या दोघांचं वजन कशा घेतात?"

"तारा ओढून बसवल्या असतात बाबा. ताण हाय म्हणून चाक उभं हाय. ताण गेला का चाक बसलं."

"म्हंजे मिलच्या सुतासारखंच की वं. ढिलं पडलं का तुटलं." मग थोडे चालवून म्हणाले, "वाच, वाच. थांबू नको."

दिवाळी गेली, थंडी आली. माणसाचा पाय सायकलला फार आधी कळतो. पूर्वी देवरावांचा पाय पायडलबरोबर गोल फिरे. आता तो नुसता खाली पडू लागला आणि दुसरा पाय पडेपर्यंत मी जवळजवळ थांबू लागले. त्यांच्या छातीतून मिलमधल्या यंत्राच्या जुन्या पट्ट्यासारखा आवाज येई. चढावर तो मोठा होई. प्रेमलताचे कपाळ त्यांच्या पाठीपासून वीतभर लांब असे. तिला तो ऐकू येत नव्हता असे कसे म्हणू? थंडीत अंधार लवकर पडतो. त्या चढावर वहीतली अक्षरे दिसत नसत. तरी ती मोठ्याने वाचत राही, पाठ झालेले पुन्हा पुन्हा. ती वाचते आहे म्हणून ते थांबत नसत आणि ते थांबत नाहीत म्हणून ती वाचत राही. दोघांच्या मधे मी होते. मला सगळे कळत होते आणि मला काहीच करता येत नव्हते.

एकदा ती म्हणाली, "बाबा, दवाखान्यात दाखवू नं."

"मिलच्या डॉक्टरनं पाह्यलं. कापसाची धूळ हाय. थंडी गेली का जाते."

आणखी एकदा, नत्थूच्या दुकानासमोर हवा भरून झाल्यावर, ते माझ्यावर टांग टाकता टाकता थांबले. एक हात छातीवर होता. दुसऱ्याने त्यांनी हँडल तिच्याकडे ढकलले. "एखाद्या रोजी तूच चालव. मी मांगं बसून मस्त झोप काढतो."

तिने हँडल धरले. तिची पकड मला अजून आठवते. ती हँडल सोडणार नाही असे वाटत होते. तिचे ओठ हलले. इतक्यात नत्थू म्हणाला, "अरे वा! आता पोरगी बापाले सासरी नेऊन घालते!" सगळे हसले. देवरावही हसले. "मस्करी करून राहिलो गा," असे म्हणून त्यांनी हँडल परत घेतले.

ती मागे कॅरिअरवर जाऊन बसली. मला वाटते, नत्थूच्या हसण्याला ती भ्याली नव्हती. तुम्ही मागे बसा, असे म्हणायचे म्हणजे तुमचा श्वास मला ऐकू येतो, असे म्हणायचे. आणि ते एकदा उच्चारले की संध्याकाळचा वर्ग संपला असता. त्या वर्गावर तिचा जीव होताच, पण देवरावांचा जास्त होता.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या बुधवारनंतर गुरुवार आला. आम्ही नेहमीसारखे निघालो. चढावर ती वाचत होती. ते प्रश्न विचारत नव्हते.

कॉलेजच्या आवारात करंजाचे झाड आहे. तिथे मला स्टँडवर लावून देवराव माझ्या कॅरिअरवर बसून राहत. वर्ग वरच्या मजल्यावर होता. तिथल्या उजेडाकडे पाहत ते वाट पाहत. चौकीदार महादेवराव तंबाखू मळत जवळ येई.

"आज काय शिकवून राहिले वर?" त्या गुरुवारीही त्याने विचारले.

"पुलाचंच चालू हाय," देवराव म्हणाले. "लंबा पूल दिसते. संपतच नाही."

महादेवराव हसला आणि मागचे फाटक लावायला गेला.

देवरावांनी माझे सीट धरले. मग घट्ट धरले. मग त्यांचा हात सीटवरून घसरला आणि ते माझ्या चाकाला टेकून खाली बसले, जसे कोणी दमून बसते. मला वाटले, दमले आहेत. त्यांच्या छातीतला आवाज थांबला, तेव्हा मला क्षणभर बरेच वाटले.

मित्रांनो, माझ्याजवळ घंटी आहे. पण ती वाजवायला अंगठा लागतो. वरच्या खिडकीत उजेड होता. फळ्यावर खडू टकटक वाजत होता. प्रेमलता त्या खिडकीपासून तिसऱ्या बाकावर बसते, हे त्यांनीच महादेवरावला कितीदा सांगितले होते. मी तिथे स्टँडवर उभी होते. माझे मागचे चाक थोडे फिरले, त्यांच्या डोक्याच्या भाराने, आणि थांबले. एवढेच मला करता आले.

महादेवराव धावत आला. वरून सगळे उतरले. वर्गातल्या एका इंजिनिअरच्या मोटारीत त्यांना घालून नेले. प्रेमलता त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या बोटांना खडू लागला होता. बहुधा त्या दिवशी तिला फळ्याशी बोलावले असावे. हे मला देवरावांना सांगायचे होते. त्यांना फार आवडले असते.

मी तिथेच राहिले. काही दिवसांनी नत्थू मला न्यायला आला. तो माझ्यावर बसला नाही. सगळी वाट, तो चढाचा उतार झालेला रस्तासुद्धा, मला हातात धरून चालत गेला.

त्यानंतर मी घरामागच्या भिंतीला टेकले. टायर बसले, साखळी गंजली. भिवापूरच्या मिरच्या वाळवायच्या असल्या की तुळसाबाई माझ्या कॅरिअरवर टोपले ठेवीत. प्रेमलता उन्हाळ्यात परीक्षेला बसली. बी.ई. झाली आणि एम.ई.चे ते दोन विषयही पास झाली. ते ऐकून चौकात कोणी थट्टा केली नाही. मग तिला पाटबंधारे खात्यात नोकरी लागली. रोज सकाळी ती माझ्या शेजारून जाई, पण माझ्याकडे बघत नसे. फक्त एकदा, कोणी नसताना, तिने माझा बसलेला टायर अंगठ्याने दाबला. मग हात पदराला पुसून निघून गेली.

चार वर्षे सरत आली. त्या दोन विषयांची मुदत संपणार होती. एका संध्याकाळी मिरच्या गोळा करता करता तुळसाबाई म्हणाल्या, "एम.ई.ले नाव घातलं का?"

"राहू दे नं माय. मले नाही होत आता."

"मंग त्या दोन विषयांचं काय?"

"जातीन वाया. माहेच तं हायेत."

"तुह्या एकटीचे हायेत का वं ते?" तुळसाबाई म्हणाल्या आणि टोपले उचलून आत गेल्या.

प्रेमलताने माझ्या कॅरिअरवर राहिलेल्या दोन मिरच्या उचलल्या. मग तिने मला भिंतीपासून सोडवले आणि नत्थूकडे नेले.

"नवी मोपेड घे वं. आता साहेबीण झाली तू," नत्थू म्हणाला. तिने माझे हँडल त्याच्या हातात दिले, तेव्हा तो पाने-पक्कड घेऊन बसला. टायर, ट्यूब, साखळी, ब्रेक, सगळे त्याने नवे घातले. एकेक तार ओढून ताणली. तो कॅरिअरही बदलायला निघाला, तेव्हा तिने आपला हात आडवा धरला. पैसे काही त्याने घेतले नाहीत. "घुगऱ्या राहिल्या हायेत माह्या," एवढेच म्हणाला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना जपा, तेल द्या, पावसात टाकू नका, असे मी तुम्हाला सांगायला हवे. तेही सांगते. पण खरे सांगायचे ते वेगळेच आहे. आमचे जे मोडते ते नत्थूला दिसते, आणि दुरुस्त होते. माणसांचे तसे नाही. जवळच्या माणसाच्या छातीतला आवाज तुम्हाला ऐकू आला असेल, तर वाचत राहू नका. मला बोलता येत नव्हते. तुम्हाला येते.

काल संध्याकाळी नोकरीवरून परतल्यावर प्रेमलताने साडीचा पदर खोचून कासोटा घातला, दांड्यावरून पाय टाकला आणि एम.ई.च्या वर्गाला निघाली. मागे कोणी नव्हते. चौकातून जाताना कोणी हसले नाही. सिव्हिल लाइन्सचा चढ आला, तशी ती पायथ्याशी उतरली. एकटी असताना उतरायचे काही कारण नव्हते. एका हाताने तिने हँडल धरले आणि दुसरा हात माझ्या रिकाम्या कॅरिअरवर ठेवला. माझ्यात तिला देण्यासारखे काहीच नव्हते. मी नुसती उभी राहिले.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने वळून पाहिले. ती बोलायची थांबली नाही.

"बाबा, मले ऐकू येत होतं. तुम्ही मांगं बसा. चढ मले चालवू द्या."