घशामागचं हाड

सत्तार मास्टरांनी चार वर्षांत जावयाच्या घरचं पाणीसुद्धा तोंडाला लावलं नव्हतं. लेकीने, इफ्फतने, त्यांनी ठरवलेलं स्थळ मोडून वसीमशी निकाह केला, हा एक राग. वसीमचा धंदा हा दुसरा. फिजिओथेरपी शिकून, वर सुरतेला कायरोप्रॅक्टिकचा कोर्स करून त्याने लोणखेड्यात कॉलेजच्या रस्त्याला दवाखाना टाकला होता. आखडलेल्या पाठी, कंबरा तो कडाकड वाजवून मोकळ्या करायचा. शहाद्यातल्या आपल्या शिलाईच्या दुकानात मास्टर येईल त्याला सांगत, "आमचा जावई लोकांची हाडं वाजवून पोट भरतो."

यंदा उन्हाळ्यात मास्टरांचा घास अडायला लागला. आधी भाकरी, मग भातही. चहात बुडवलेल्या पावावर दिवस निघू लागले, विजार कमरेवर ठरेना. तंबाखू खाणारा माणूस, मनात एकच भीती. नंदुरबारच्या डॉक्टरने घशात दुर्बीण घालून पाहिलं. गाठ नव्हती. "मान फार आखडलीय तुमची, तिकडून काही दाब येतोय का ते पाहा," तो म्हणाला.

मान म्हटल्यावर मास्टरांना वसीम आठवला, आणि तोंड कडू झालं. तरी गेले. दवाखान्यात इफ्फत नावं लिहून घेत होती. तिच्याकडे न बघताच ते वसीमला म्हणाले, "सगळ्यांची वाजवतोस ना? माझीही वाजव. मोकळी कर आणि सोड मला."

वसीमने मान चाचपली, हात काढून घेतला. "आधी एक्स-रे."

एक्स-रे आला. मानेच्या मणक्यांना पुढच्या बाजूने हाड वाढलं होतं, चोचीसारखं, थेट अन्ननलिकेवर टेकलेलं.

"अब्बा, या मानेला झटका द्यायचा नाही," वसीम म्हणाला. "मीही देणार नाही. झटक्याने हे हाड झिजत नाही, उलट आतली नस दुखावेल. आखडलेले स्नायू सैल करून देतो. घास कसा गिळायचा, मान कशी धरायची ते शिकवतो. पण वजन असंच उतरत राहिलं तर नाशिकला सर्जनला दाखवावं लागेल."

"म्हणजे जगाला इलाज आणि मला नाशिक?" मास्टर कडाडले. "मी उपाशी मरावं हेच तुला पाहिजे."

"मला तुम्ही आवडत नाही," वसीम शांतपणे म्हणाला. "पण म्हणून चुकीचं काम करणार नाही."

"अब्बा, ऐका तरी त्यांचं," इफ्फत म्हणाली. मास्टर फिल्म तिथेच टाकून बाहेर पडले.

चार दिवसांनी त्यांनी प्रकाशा गावाची गाडी धरली. तिथे खात्या म्हणून एक हाडवैद्य होता. त्याने एक्स-रे विचारलाच नाही. तेल चोळलं, हनुवटी धरली, "चाचा, मान ढिली सोड, काही व्हत नही," म्हणाला आणि खाडकन झटका दिला. मास्टरांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. परतीच्या गाडीत उजव्या हाताची दोन बोटं बधिर झाली. दुसऱ्या दिवशी दुकानात कात्री हातातून गळून पडली.

तेव्हा इफ्फतनेच त्यांना नाशिकला नेलं. सर्जनने गळ्याच्या पुढून चीर देऊन वाढलेलं हाड तासलं, दबलेली नसही मोकळी केली. महिन्याभरात वरण-भात सहज उतरू लागला. बोटांतली जाण मात्र पुरती परत आली नाही, सुईत दोरा ओवता येईना.

शेजारचा चपलांचा दुकानदार अकील एकदा हात बघून म्हणाला, "जावयाने मोडली ना मान?" मास्टर हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. तेवढ्यावर गावभर झालं. पंधरा दिवसांत वसीमच्या दवाखान्याची बाकडी रिकामी पडली. कुणीतरी बोर्डावर शेण फेकलं.

भर दुपारी इफ्फत दुकानात येऊन उभी राहिली. अकील तिथेच बसला होता.

"अब्बा, यांच्यासमोर सांगा. कोणी दिला झटका?"

मास्टर कापडावर खडूने रेघ मारत राहिले. रेघ वाकडी जात होती.

"विचारतेय मी."

अकील उठू लागला. इफ्फत म्हणाली, "बसा चाचा. तुम्हीच पसरवलंत, तुम्हीच ऐका."

मास्टरांनी खडू ठेवला. त्या पोराचं खरं होतं, हे त्यांना नाशिकच्या खाटेवरच कळलं होतं. तेच त्यांना सलत होतं. तो चुकला असता, तर त्याच्यावरचा राग तरी खरा ठरला असता.

"त्याने झटका दिला नाही," ते अकीलकडे बघत म्हणाले. "नको म्हणाला होता. मीच प्रकाशाला गेलो. सांग जा सगळ्यांना."

इफ्फतचे डोळे भरले. ती एक पाऊल पुढे आली.

"पण म्हणून तो माझा जावई झाला असं समजू नकोस," मास्टर म्हणाले. "तुमच्या दारात मी यायचा नाही."

"येऊ नका," इफ्फत म्हणाली. "खरं बोललात, तेवढ्यासाठीच आले होते."

ती निघून गेली. मास्टरांनी बधिर बोटांत कात्री अडकवली आणि अकीलला म्हणाले, "बसलास काय? जा की."